डबा सुटेपर्यंत

तुळशीची लग्नं उरकली, भात घरात येऊन पडलं आणि मोकळ्या शेतांतनं मसूर कोवळा हिरवा वर आला, की मला माणसांचा संशय यायला लागतो. एरवी मी भोळा आहे. बेळगावला लागून असलेल्या आमच्या पिरनवाडीत कुणालाही विचारा. माझ्याएवढा भोळा माणूस इथून निपाणीपर्यंत सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो माझ्याकडेच शिकून गेलेला असणार. पण हवेत ती कोरडी थंडी उतरली, भाताच्या पिंजराचा वास अंगणातनं घरात शिरला आणि अशात कुणी ‘रविवारी फिरायला जाऊया’ म्हणालं, की माझे कान सशासारखे उभे राहतात.

परवा हेच झालं. वैजूचा फोन आला. वैजू म्हणजे माझी धाकटी बहीण. खानापूरकडच्या एका सरकारी शाळेत मराठी शिकवते आणि तिकडंच खोली घेऊन राहते. म्हणाली, “दादा, ऐतवारी समद्यांनी राजहंसगडावर येतासा काय? हवा चांगली हाय.”

हवा चांगली हाय! राजहंसगड शेकडो वर्षं तिथंच आहे, त्याच्यावरची हवाही कुठं बदलीवर गेलेली नाही. मग ती ह्याच रविवारी अचानक चांगली कशानं झाली? फोन ठेवून मी बायकोकडे बघितलं. सारिका मसूर निवडत बसली होती. मी म्हटलं, “ह्यात कायतरी हाय.” ती म्हणाली, “आमटीत मीठ जादा पडलं तरी तुमाला त्यात कायतरी हाय असंच वाटतंय.” पण बोलताना तिनं मान वर केली नाही. हे मी मनात टिपून ठेवलं.

ह्या माझ्या संशयाच्या मुळाशी एक सबंध हंगाम आहे.

आमचे आप्पा म्हणजे फिरणं ह्या गोष्टीचे जन्माचे वैरी. बाजार, लग्न आणि मयत सोडून ते गावाची वेस ओलांडत नसत. एकदा आईनं गोव्याचा समुद्र बघायची गोष्ट काढली, तर म्हणाले, “पाणीच हाय न्हवं? हिरीत बघ.” शहर आमच्या दारापर्यंत चालत आलं, शेजारच्या शेतात प्लॉटचे दगड रोवले गेले, पण आप्पा शहरात फिरायला म्हणून कधी गेले नाहीत. आणि त्या वर्षी, सुगी उरकल्यावर, एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, “ह्या ऐतवारी किल्ला तलाव बघाय जायाचं. समद्यांनी.”

आईची भाकरी तव्यावर करपली. गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवला. समोरच्या घरातला, दहा वर्षं बंद पडलेला रेडिओ आपोआप सुरू झाला असं समोरचे सांगतात, पण मी स्वतः ऐकलं नाही, म्हणून खात्रीनं सांगत नाही. मी वैजूकडे बघितलं. ती खाली मान घालून जेवत होती. बी.एड.चं तिचं शेवटचं वर्ष होतं, परीक्षा उन्हाळ्यात, आणि भावकीतले लोक दर आठवड्याला येऊन आप्पांच्या कानाशी लागत होते, की पोरगीचं बघा, वय थांबत न्हाय. मला लख्ख कळलं. तलाव बघायला आम्ही जाणार होतो, पण तलावावर कुणीतरी आम्हाला बघायला येणार होतं.

आमच्याकडं अशी एक रीत आहे. तिला नाव नाही. पोहे-चहाचा रीतसर कार्यक्रम पुढं होतो. त्याच्या आधी दोन्हीकडची माणसं कुठंतरी ‘सहज’ भेटतात. देवळात, धरणावर, बागेत. ज्यांचं लग्न जुळवायचं त्यांना काही सांगायचं नाही. मोठी माणसं एकमेकांना बघून चकित व्हायचं नाटक करतात आणि गप्पा मारता मारता एकमेकांची पोरं पायाच्या नखापासून बघून घेतात. दोन्हीकडं घरचा डबा असतो. पसंत पडलं तर डबा तिथंच सुटतो आणि सगळे एकत्र जेवतात. नाही पडलं तर एक वाक्य ठरलेलं आहे, “आमी आपलं फिराय आलतो,” आणि डबा बांधला तसा परत जातो. कुणाचा अपमान नाही, कुणाला बोल नाही. फिरायला आलेल्या माणसाला कोण काय म्हणणार?

म्हणून मी त्या हंगामात डब्यावर नजर ठेवून होतो. वैजूची परीक्षा त्या डब्यात बांधलेली होती.

किल्ला तलावावर आम्ही शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन बसलो. एवढाच खर्च. खिशात काही नसलं तरी बेळगावात माणसाला दिवसभर फिरता येतं. तलावाचं वारं फुकट, किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन देऊळ, फुकट, कॅम्पातल्या जुन्या झाडांची सावली फुकट. फुकटच्या जागी माणसं जास्त येतात आणि जास्त माणसांत संशय जास्त. वळणावरून खानापूरकडचं एक कुटुंब येताना दिसलं आणि आप्पा उठून उभे राहिले. आप्पांना नाटक येत नाही. ती माणसं अजून पाठमोरी होती, पाण्यातल्या बदकांकडे बघत होती, तेवढ्यात आप्पा ओरडले, “अगा बया, तुमी हितं कसं?”

त्या कुटुंबात आई-बाप, एक मुलगी आणि मिशी नुकतीच कोरून घेतलेला एक तरणा होता. मी त्या तरण्याला बाजूला घेतलं. म्हटलं, पावणं, चांगला माणूस दिसतोस म्हणून सांगतोय. आमची वैजू घोरती. एवढी घोरती, की शेजाऱ्यांची म्हैस दूध चोरती. मिलिटरीवाले एकदा विचारायला आलते, की ह्या वाड्यावर रातचं कसली मशीन चालती. त्या बिचाऱ्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. डबा बांधला तसा घरी आला. तेवढा गोड डबा मी आयुष्यात खाल्ला नाही.

पुढचा रविवार राजहंसगडावर. त्या दिवशी अवकाळी आभाळ आलं होतं. आता कुणीही म्हणेल, अशा हवेत गडावर कशाला जायचं? पण हवा खराब असली की गडावर गर्दी नसते, आणि गर्दी नसली की ‘सहज’ भेटणारी माणसं लगेच सापडतात. संशय नको तर काय! वर गेलो तर ढग गडावरच येऊन बसलेले. धुकं असलं दाट, की आईनं पदरात धरून पिळलं तर खाली कळशी भरली असती. वाऱ्यानं आप्पांची टोपी उडाली ती थेट गोव्यात. तिथं ती घालून कोणीतरी निवडणुकीला उभा राहिला म्हणतात. आणि त्या धुक्यात, समोर कोण आहे हे दिसायच्या आत, आप्पांचा आवाज घुमला, “अगा बया, तुमी हितं कसं?”

धुक्यातनं नंदगडचं एक कुटुंब बाहेर पडलं. त्यांच्यातही एक तरणा होता. त्याला मी सांगितलं, की आमच्या बहिणीला अधूनमधून फिट येते, आणि फिट आली की ती समोर दिसेल त्याचा अंगठा चावते. अंगठाच. करंगळी दिली तर घेत नाही. त्यानं दोन्ही अंगठे मुठीत दाबले आणि गड उतरेपर्यंत सोडले नाहीत.

खाली उतरताना मला वाटलं, वैजू आता माझे पाय धरेल. तिनं एवढंच विचारलं, “दादा, तू त्या पोराला काय सांगितलंस रं?” मी म्हटलं, “तुझ्या भल्याचं.” ती तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. ते हसणं मला जरा जास्त वाटलं. पण बहिणीचा संशय घ्यावा एवढा काही मी वाईट नाही. तेव्हा नव्हतो.

भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात मात्र माझा घात झाला. तिथं तिकीट पडतं. आप्पांनी तिकीट काढलं, म्हणजे पाहुणे वजनदार असणार हे मी आधीच ओळखलं होतं. वाघाच्या पिंजऱ्यापासून जरा लांब, झाडाखाली एक मोठं कुटुंब बसलं होतं. चिकोडीकडचं बोलणं. आम्ही दमून शेजारी टेकलो. ऊन कलायला लागलं तशी त्यांच्यातल्या बाईनं पिशवीतनं डबा काढला, झाकण उघडलं आणि आमच्या आईपुढं धरलं. “घ्या की.”

डबा सुटला! एक शब्द न बोलता, एक चौकशी न करता डबा सुटला! माझ्या डोळ्यांपुढं वैजूची पुस्तकं रद्दीत गेलेली दिसली. मी उठून थेट त्यांच्या म्हाताऱ्या अज्जांपुढं जाऊन बसलो आणि घोरणं, फिट, अंगठा, सगळं एका दमात सांगून टाकलं. वर अंगात येतं हेही जोडलं. अज्जा शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी खिशातनं रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आमी वाघ बघाय आलोय, तम्मा.”

ते जैन होते. दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून त्यांनी डबा काढला होता, आणि शेजारी बसलेल्या माणसाला सोडून जेवणं त्यांच्यात बसत नाही, म्हणून आईपुढं धरला होता. आमच्या खर्ड्यात लसूण म्हणून त्यांनी आमचं काही घेतलं नाही, पण जाताना अज्जांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला कानडीत, मग मराठीत सांगितलं, की स्तवनिधीच्या बस्तीत येऊन जा एकदा, मन शांत हुतंय. म्हणजे आजारी मी आहे, असं त्यांचं मत झालं. आणि ज्यांना बघायला आम्ही खरंच आलो होतो, ते कुटुंब मगरीच्या तळ्यापाशी आमची वाट बघून बघून परत गेलं. आप्पा गाडीत बसून म्हणाले, “वाघ बरा हुता.” बाकी काही नाही.

आता मागं वळून बघताना एक गोष्ट माझी मलाच कळत नाही. त्या सगळ्या रविवारी त्या सगळ्या कुटुंबांत तरणे होते, तशा मुलीही होत्या. मी त्या हंगामात एकाही मुलीकडे बघितलं नाही. सारिकाला हे अजूनही खरं वाटत नाही. आयुष्यात मी खरं बोललेली गोष्ट एवढी एकच असेल, आणि नेमकी तीच कुणी मानत नाही.

हिडकलच्या धरणावर निपाणीकडचं कुटुंब भेटलं. त्या दिवशी उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरला होता. आम्ही व्हॅन भाड्यानं केली होती, आईनं पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, भरली वांगी, खर्डा, आणि वर कुंदाही घेतला होता. कुंदा बघून मी ताडलं, आज तोंड गोड करायचं ठरलंय. धरणाचं पाणी असलं शांत पसरलेलं, जसं त्याला सगळं आधीच ठाऊक आहे. आप्पा चकित झाले. ती माणसं चकित झाली. बसली, बोलली. पाऊस, ऊस, तंबाखू. आणि मी अजून कुणाला बाजूला घ्यायच्या आत आप्पांनी डब्याची गाठ सोडली.

मला जेवण जाईना. हात धुवायच्या निमित्तानं नळाकडे गेलो. तिथं त्यांच्यातली मुलगी ताट धूत होती. वेळ थोडा होता. मी म्हटलं, “तुमच्या भावाला सांगा, आमच्या बहिणीला फिट येत्यात.”

“मला भाऊ न्हाय,” ती म्हणाली.

“मग तो निळ्या शर्टातला?”

“आमचा डायवर हाय तो.”

“मग कुणाला बघाय आलायसा?”

तिनं नळ बंद केला. ताट निथळलं. म्हणाली, “तुमाला.”

धरणाचे दरवाजे त्या क्षणी आपोआप उघडले असते तरी मला ऐकू आलं नसतं. ती पुढं शांतपणे सांगत होती, की तुमच्या बहिणीनंच आधी सांगून ठेवलंय, दादा जरा जास्त बोलतोय, पण ते मनावर घेऊ नका.

परतीच्या वाटेवर आई-आप्पा झोपल्यावर मी वैजूला धरलं. ती खिडकीतनं बाहेर बघत म्हणाली, “भावकी माझ्या मागं लागली तवा मीच आप्पांस्नी म्हणलं, आधी दादाचं बघा. घरात एक लगीन निघालं की वरीसभर दुसऱ्याची आठवण कुणाला येत न्हाय. मला तेवढंच वरीस पायजे हुतं.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “आणि तू घोरण्याचं सांगितलंस ते लई बेस केलंस. दोन वरसं तरी आता कोण फिरकत न्हाय.”

खरोखरच कोणी फिरकलं नाही. माझं लग्न झालं, वैजूचं बी.एड. झालं, नोकरी लागली. मधल्या काळात तिला मागणी घालायला आलेला एकजण हातमोजे घालून आला होता, असं मी सांगत असतो. सारिकानं मला होकार का दिला हे मात्र तिनं आजवर सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणते, धरणावर वारं चांगलं हुतं. मला त्याचाही संशय आहे.

तर आता पुन्हा तेच दिवस, तोच मसूर आणि राजहंसगडावर ‘चांगली हवा’. बायकांना सरकारी बस फुकट झाल्यापासून रविवारी अख्खा जिल्हा फिरायला बाहेर पडतो, तेव्हा फिरणं ही काही संशयाची गोष्ट उरलेली नाही असं आई म्हणते. पण रविवारी सकाळी मी स्वैपाकघरात डोकावलो तर दशम्यांची चवड माझ्या कमरेला लागेल एवढी. आम्ही माणसं किती? आईला विचारलं, एवढं कुणाला? ती म्हणाली, “आप्पांनी सांगितलं, जास्त कर.” बाहेर आप्पा नवी टोपी घालून गाडीत बसलेले. फिरण्याचा वैरी माणूस, सगळ्यांच्या आधी गाडीत.

गडावर त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. एका बाजूला शहर, आमच्या शिवाराच्या अंगावर सरकत आलेलं, दुसऱ्या बाजूला निळे डोंगर. आप्पा महादेवाच्या देवळापाशी तटाला टेकून आमचं शेत शोधत होते. वैजू आमच्याआधीच आली होती. चेहरा चार दिवस झोप नसल्यासारखा. तटाच्या टोकाला एक चष्मेवाला तरणा, त्याची आई आणि एक कॉलेजातली मुलगी अशी तिघं डोंगर बघत उभी होती. पाठमोरी. वैजू मोठ्यानं म्हणाली, “अगा बया, सर, तुमी हितं कसं?”

ते अजून वळलेही नव्हते. आप्पांची लेक ती. नाटक येणार कुठून?

सर तिच्याच शाळेत कानडी शिकवत होते. त्यांच्या आईला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. सर मराठी बोलत होते, पण असं जपून, जसं दुसऱ्याच्या घरातनं ताट घेऊन चाललेत. ओळखी झाल्या. आई पदराला पीळ घालत होती. सारिका माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे तिला माहीत होतं. आप्पांना बाजारात पन्नास वर्षं भाजी विकून कानडी येते, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली येते. पण घरात, सोयरिकीत, आमच्या सात पिढ्यांत ती कधी आली नव्हती. भावकी काय म्हणेल हे आप्पांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं. वैजूनं कुणालाही न विचारता ह्या एका सकाळवर सगळं लावलं होतं.

तेवढ्यात ती कॉलेजातली मुलगी, सरांची धाकटी बहीण, माझ्याजवळ सरकली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, “आमचा अण्णा लई घोरतोय. घरात मांजर बी थांबत न्हाय.” आणि मला पटलं का नाही ते माझ्या तोंडावर शोधायला लागली. माल माझ्याच दुकानातला होता.

आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. शिवाराकडं तोंड करून म्हणाले, “आमी आपलं फिराय आलतो.”

वाक्य पडलं. सर चष्मा काढून पुसायला लागले. त्यांच्या आईला शब्द कळले नाहीत, पण वाक्य कळलं. वैजूनं मान खाली घातली नाही. ती आप्पांच्या पाठीकडे बघत उभी राहिली, आणि मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच एकही खोटी गोष्ट सुचेना.

आप्पा अजून शेतच बघत होते. “पर चालून भूक लागली,” म्हणाले. “डबा आण रं गाडीतला.”

मी धावलो. डबा जड होता. एवढ्या दशम्या कुणाच्या हिशोबानं झाल्या होत्या हे तो उचलताना मला कळलं. माझ्याआधी संशय आलेला माणूस आमच्या घरात होता तर.

परत आलो तेव्हा सगळे खाली बसले होते. आप्पांनी डबा माझ्या हातातनं घेतला. आईला गाठ सोडू दिली नाही, स्वतः सोडली. झाकणात दशमी ठेवली, वर खर्डा, आणि सरांच्या आईपुढं सरकवून ते त्यांच्या बाजारातल्या कानडीत जेवायला म्हणाले, “ऊटा माड्री.”

त्या बाईंनी घास घेतला. कॉलेजातली मुलगी अजून माझ्याकडेच बघत होती, उत्तरासाठी.

मी म्हटलं, “आता घोरू दे.”